टेराबाइट लिहिलेत, बाकीचं कोण लिहिणार?

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
खरेदी समिती,
राज्यातील सर्व महाविद्यालये व शिक्षणसंस्था

विषय : सर्व्हर व डिस्क खरेदीच्या तांत्रिक तपशिलाबाबत

महोदय,

फेब्रुवारी उजाडला की आम्हाला फोन सुरू होतात. निधी आलाय, मार्च एंडच्या आत खर्ची पडला पाहिजे, सर्व्हरचं स्पेसिफिकेशन संध्याकाळपर्यंत पाठवा. आम्ही पाठवतोही. पण निविदेत छापून येतं ते बहुतेक वेळा आमचं नसतं. एखाद्या पुरवठादाराने आधीच दिलेल्या दरपत्रकातली ओळ उचललेली असते : 'रॅम ६४ जीबी, हार्ड डिस्क ८ टीबी × ४, रेड सपोर्टेड, ओएस लिनक्स, वॉरंटी ३ वर्षे.'

या ओळीत चुकीचं असं काहीच नाही. अडचण अशी की या एकाच ओळीत चपखल बसणारे दोन सर्व्हर मी तुम्हाला दाखवू शकतो, ज्यातला एक सात वर्षं मुकाट चालेल आणि दुसरा पहिल्याच प्रवेशप्रक्रियेत मान टाकेल. तुलनात्मक तक्त्यात दोघे सारखेच दिसतील आणि दुसरा स्वस्त म्हणून तोच एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराचा, ठरेल. तेव्हा दोष एल-वन पद्धतीचा नाही. तपशील अपुरा असेल तर सर्वात कमी दर हा अपुऱ्या वस्तूचाच येणार.

मी शिक्षणसंस्थांचे लिनक्स या मुक्त ओएसवर (ऑपरेटिंग सिस्टीमवर) चालणारे सर्व्हर सांभाळतो. ग्रंथालयाचं कोहा, ऑनलाइन शिकवण्याचं मूडल, फीचा आणि परीक्षेचा डेटाबेस, नॅकच्या मूल्यांकनासाठी वर्षानुवर्षं गोळा केलेले पुरावे, हे सगळं त्या पेट्यांत असतं. माझी मागणी एकच आहे. सर्व्हर बंद पडल्यावर जो माणूस तो उठवणार आहे, त्याच्या सहीशिवाय तांत्रिक तपशील निविदेत जाऊ नये. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण 'टेक्निकल बाबी तुम्ही बघा हो' असं म्हणून समितीने हात झटकले की त्या बाबी पुरवठादार बघतो.

डिस्कपासून सुरुवात करू. ८ टीबी म्हणजे किती मावतं ते कळलं, कसं लिहिलं जातं ते नाही कळलं. काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत माहितीचे माग कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलून पुन्हा मांडावी लागते. घरी सिनेमे साठवायला चालेल. ॲरेमध्ये, म्हणजे एकत्र जोडून एकच मोठी डिस्क म्हणून वापरलेल्या डिस्कांच्या गटात, एक डिस्क मेली आणि नवी भरायला घेतली की हीच डिस्क अडून बसते, बराच वेळ प्रतिसाद देत नाही आणि ॲरे तिला बाहेर काढतो.

हे ऐकीव नाही. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. मालिका नॅससाठी (नेटवर्कवर जोडलेल्या साठवणपेटीसाठी) म्हणून विकली जात होती, आणि ग्राहकाला मिळणाऱ्या माहितीत या पद्धतीचा उल्लेख नव्हता. झेडएफएस ही फाइल-व्यवस्था वापरणाऱ्यांच्या नव्या डिस्क ॲरेतून बाहेर पडू लागल्या तेव्हा लोकांनी खोदून काढलं. एका चाचणीत ४ टीबीची अशी डिस्क भरायला सुमारे ९ दिवस लागले. नेहमीच्या सीएमआर डिस्कांना, म्हणजे ज्यांत माग एकमेकांवर चढवलेले नसतात त्यांना, तेच काम एका दिवसाच्या आत जमलं. पुढे कंपनीने सीएमआर डिस्कांना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. इतर उत्पादकांच्या काही डेस्कटॉप डिस्कांतही हाच प्रकार निघाला. निविदेत 'फक्त सीएमआर, मॉडेल क्रमांक दरपत्रकात नमूद करावा' एवढं लिहिलं तर हा प्रश्न मिटतो. जेमवर (सरकारी ई-बाजारपेठेवर) खरेदी करत असाल तर साच्यातल्या रकान्यांत हे बसेलच असं नाही, पण अतिरिक्त अटी घालायची सोय तिथे असते. ती वापरा.

दुसरी अट चूक दुरुस्तीच्या वेळेची. साधी डेस्कटॉप डिस्क एखादं खराब सेक्टर वाचायला मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ झटत राहते. लिनक्स कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, मात्र साधारणपणे ३० सेकंद वाट बघतो आणि डिस्क गेली असं धरून चालतो. म्हणजे चांगली डिस्कही ॲरेबाहेर. नॅस आणि एंटरप्राइझ डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, मग ॲरे तीच माहिती दुसऱ्या डिस्कवरून घेतो. दोन्ही डिस्कांवर ८ टीबीच लिहिलेलं असतं.

आता रेड (RAID), म्हणजे एखादी डिस्क गेली तरी माहिती राहावी अशा बेताने ती ॲरेतल्या डिस्कांवर वाटून ठेवण्याची पद्धत. मघाच्या 'रेड' मालिकेशी तिचा संबंध नाही. निविदेत असतं 'रेड सपोर्टेड'. हे दोन शब्द वाचले की आम्ही कपाळाला हात लावतो, कारण पुरवठादार हमखास रेड-५ लावून देतो, ज्यात एकच डिस्क गेलेली चालते. चार डिस्कांत तीन डिस्कांची जागा मिळते म्हटल्यावर समितीही खूश. एका संस्थेत परीक्षा अर्जांच्या आठवड्यात मला बोलावलं होतं. एमडीस्टॅट (ॲरेची स्थिती दाखवणारी लिनक्सची फाइल) उघडलं तर चार 'यू' दिसायला हवेत तिथे तिसऱ्याच्या जागी अधोरेषा होती. एक डिस्क गेलेली. कधी गेली ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण सूचनेची मेल ज्या पत्त्यावर जात होती तो पत्ता बदलून गेलेल्या माणसाचा होता. नवी डिस्क घातली, भरणं सुरू झालं, टक्केवारी पुढे सरकत होती आणि अर्ध्यावर पोहोचण्याआधीच पहिल्या डिस्कवर न वाचता येणारं सेक्टर निघालं. रेड-५ मध्ये तेव्हा दुसरा आधारच उरलेला नसतो. पुढचे दोन दिवस अर्ज कागदावर घेतले गेले आणि नंतर ते हाताने भरले गेले. भरणाऱ्या क्लार्क बाईंना स्पेसिफिकेशनबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

हिशेब करून बघा. ८ टीबीच्या चार डिस्कांचा रेड-५ पुन्हा उभा करायचा तर उरलेल्या तीन डिस्कांवरचे सगळे २४ टीबी विनाचूक वाचावे लागतात. स्वस्त डिस्कांच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक वाचता न येणारी चूक असं छापलेलं असतं. ते होतात साडेबारा टीबी. हा आकडा कंपनीने मान्य केलेली मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क बहुधा याहून बऱ्या वागतात, त्यामुळे रेड-५ म्हणजे मरणच असं काही मी म्हणणार नाही. पण काम चालू असताना ८ टीबी भरायला १२ तासांपासून कित्येक दिवस लागू शकतात आणि तेवढा वेळ संस्था एका धाग्यावर असते. चार डिस्क असतील तर रेड-६ घ्या किंवा रेड-१० (डिस्कांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एकीची नक्कल दुसरीवर). दोन्हींत १६ टीबीच मिळतात. डेटाबेस असेल तर रेड-१० बरा, नुसते दस्तऐवज असतील तर रेड-६, कारण त्यात कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. डेबियन (लिनक्सच्या अनेक वितरणांपैकी, म्हणजे तयार संचांपैकी, एक) दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरेची पडताळणी आपणहून करतं. ती पडताळणी कुणी 'सर्व्हर स्लो होतो' म्हणून बंद करून ठेवली नाही ना, तेवढं विचारा.

चारही डिस्क एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या असणं हाही धोकाच. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कांबद्दल) इशारा दिला होता. फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललं नाही तर बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी, त्या बंद पडणार होत्या आणि आतली माहितीही परत मिळणार नव्हती. एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्क एकाच दिवशी जाणार, मग त्या रेड-६ मध्ये असोत की कशातही. पुढच्या मार्चमध्ये ४०,००० तासांचा असाच दुसरा इशारा आला. तेव्हा वॉरंटीच्या काळात फर्मवेअरचे बदल कोण तपासणार आणि कोण चढवणार, ही ओळ करारात हवी. 'ऑनसाइट सपोर्ट' म्हटलं म्हणजे त्यात हे आलं, असं पुरवठादार मानत नाही.

एसएसडीचं एक वेगळं दुखणं आहे आणि ते आपल्या विजेशी जोडलेलं आहे. डेटाबेस एखादी नोंद पक्की झाली असं सांगण्याआधी डिस्कला विचारतो : खरंच लिहिलंस का? चांगल्या सर्व्हर एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात, वीज गेली तरी हातातलं लिहून होईल एवढा दम त्यांच्यात असतो, म्हणून ती लगेच हो म्हणू शकते. लॅपटॉपच्या एसएसडीत ते बहुधा नसतात. मग एकतर ती दर वेळी सावकाश लिहीत बसते आणि फी भरायच्या शेवटच्या दिवशी सगळं गोगलगाय होतं, किंवा खोटं हो म्हणते आणि वीज गेली की नोंदी हरवतात. निविदेत 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' आणि पाच वर्षांत किती टीबी लिहिण्याची हमी आहे हे दोन्ही मागा. यूपीएस घेतला म्हणजे भागलं असंही नाही. यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडलेली आणि नट (NUT) किंवा तत्सम सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तरच बॅटरी संपण्याआधी सर्व्हर व्यवस्थित बंद होतो. बहुतेक ठिकाणी ती तार यूपीएसच्या खोक्यातच पडून असते.

रेडचं काम स्वतः करणारं महागडं हार्डवेअर रेड कार्ड घ्यावं का, असं विचाराल. माझं मत, लहान संस्थेने घेऊ नये. कार्डावरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, कार्ड गुपचूप सावध पद्धतीवर जातं, लिहिणं मंदावतं आणि सगळे नेटवर्कला दोष देत बसतात. कार्डच गेलं तर त्याच जातकुळीचं दुसरं शोधत मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागतो. लिनक्सचा स्वतःचा एमडीएडीएम ॲरे कुठल्याही दुसऱ्या मशिनात डिस्क लावल्या की ओळखला जातो. हाताखाली माणूस असेल तर झेडएफएस त्याहून उत्तम, कारण ते माहितीच्या प्रत्येक ब्लॉकची पडताळणीची बेरीज जपतं आणि डिस्कने चुकीचं वाचून दिलं तर ते पकडतं. मात्र झेडएफएसचा परवाना लिनक्स कर्नलच्या परवान्याशी जुळत नसल्याने ते कर्नलचा भाग नाही. उबुंटू किंवा प्रॉक्समॉक्स या वितरणांवर ते सहज चालतं. इतरत्र कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बनलं का, हे बघावं लागतं. बीटीआरएफएस ही दुसरी फाइल-व्यवस्था आरशासारख्या जोडीला ठीक, पण त्याचं स्वतःचं रेड-५ किंवा ६ वापरू नये, असं ते बनवणारेच सांगतात. स्वतःच्या चुका पकडणारी ईसीसी रॅम मात्र काहीही निवडलंत तरी घ्याच.

प्रोसेसरबद्दल मला फार बोलायचं नाही. महाविद्यालयाच्या कामाला आजचा कुठलाही सर्व्हर प्रोसेसर पुरतो. तिथे वाचवलेले पैसे डिस्कांना द्या.

आता 'ओएस लिनक्स'. ही ओळ म्हणजे 'वाहन : चारचाकी' असं लिहिण्यासारखं आहे. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की सेंटओएस ८ या फुकट लिनक्स वितरणाला २०२९ पर्यंत मिळणारे सुरक्षा बदल ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबतील. ज्यांनी नुकतेच नवे सर्व्हर उभे केले होते त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यातून रॉकी आणि अल्मा हे दोन पर्याय २०२१ मध्ये उभे राहिले आणि आज चांगले चालतात. जुनं सेंटओएस ७ सुद्धा ३० जून २०२४ ला संपलं. माझ्या पाहण्यातल्या काही संस्थांत ते अजून इंटरनेटला जोडलेलं आहे आणि 'चालतंय ना' या एकाच कारणावर चालू आहे.

निविदेत वितरणाचं नाव, आवृत्ती आणि तिचे सुरक्षा बदल कधी संपणार ती तारीख लिहा. रॉकी किंवा अल्मा ९ ला मे २०३२ पर्यंत बदल मिळणार आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला दीर्घ आधार धरून २०३० पर्यंत. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ आधाराच्या) आवृत्तीला पाच वर्षं. सर्व्हर सात वर्षं वापरायचा आणि ओएस तीन वर्षांत संपणारी, असं असेल तर मधल्या बदलाचं काम आणि त्याचे पैसे आजच ठरले पाहिजेत. कोहा असेल तर मी डेबियन घ्या म्हणेन, त्या सॉफ्टवेअरची तयार पॅकेजं तिथेच येतात.

सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर वेगवेगळ्या निविदांत घेणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं. मे २०२५ मध्ये आलेलं रेड हॅट कंपनीचं लिनक्स, रेड हॅट १०, साधारण २०१३ च्या हॅसवेल पिढीआधीच्या इंटेल प्रोसेसरवर चालतच नाही. बाजारात 'रिफर्बिश्ड' म्हणून फिरणारे इंटेलच्या झिऑन प्रोसेसरचे कितीतरी सर्व्हर त्याआधीचे आहेत. त्याआधी रेड हॅट ८ ने जुन्या रेड आणि एसएएस कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले तेव्हा इन्स्टॉलेशनला डिस्कच दिसेनात. अल्माने यातलं काही जुनं हार्डवेअर पुन्हा चालू करून दिलं, १० ची जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणीही दिली, हे त्यांचे उपकार. पण खरेदी उपकारांवर करू नये. डिलिव्हरीच्या वेळी ठरलेली ओएस पुरवठादाराने आमच्यासमोर बसवून दाखवावी आणि मगच बिल पास व्हावं.

जुन्या सर्व्हरवरून नव्यावर येताना एक खड्डा असा आहे की तो महिनाभर दिसतही नाही. सेंटओएस ७ वरचा पोस्टग्रेसचा डेटाबेस फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्या ओएसवर त्याच आवृत्तीच्या पोस्टग्रेसखाली ठेवला तर सगळं चालू झालेलं दिसतं. पण लिनक्सच्या ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. आडवी रेघ असलेले क्रमांक पूर्वी एका क्रमाने लागत, आता दुसऱ्या. इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) जुन्याच क्रमाचा राहतो, म्हणून टेबलात असलेला विद्यार्थी शोधल्यावर सापडत नाही आणि एकदाच असायला हवा तो प्रवेश क्रमांक दोनदा जाऊ शकतो. उपाय सोपा आहे, सगळे इंडेक्स नव्याने बांधायचे. पण 'डेटा मायग्रेशन : समाविष्ट' एवढंच लिहिलेल्या कामात ते कुणी करत नाही.

लायसन्सबद्दल थोडं. 'फुकटच्या सॉफ्टवेअरचं बिल कुठाय?' असा शेरा ऑडिटमध्ये येतो म्हणून काही समित्या उगाच पैसे मोजून बंदिस्त सॉफ्टवेअर घेतात. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ पासून आहे आणि त्यात मुक्त पर्याय का नको, याचं कारण देण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकली आहे. ते फाइलला जोडा. शिवाय बंदिस्त सॉफ्टवेअरचा भाव मालक बदलला की बदलतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी घेतली आणि डिसेंबरातच कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं. वाचलेले पैसे वार्षिक आधारासाठी ठेवा, कारण मुक्त सॉफ्टवेअरलाही सांभाळणारं माणूस लागतंच.

बॅकअपबद्दल समितीला एकच प्रश्न विचारता यावा : परत कधी आणून बघितलं होतं? प्रोग्रामरांचे कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला मुख्य डेटाबेसची फोल्डर चुकून पुसली गेली. बॅकअपचे पाच मार्ग होते आणि वेळेला त्यातला एकही धड कामी आला नाही. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या चुकीच्या आवृत्तीच्या हत्यारामुळे फसत होता आणि फसल्याच्या मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. सहा तास जुनी एक प्रत योगायोगाने सापडली म्हणून निभावलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाची ओपीडी कित्येक दिवस कागदावर चालली. त्यामुळे बॅकअपची एक पेटी दुसऱ्या इमारतीत हवी, आणि तिने मुख्य सर्व्हरवरून माहिती ओढून घ्यावी. मुख्य सर्व्हरकडे तिची किल्ली असता कामा नये. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस भारतात ठेवायचे आहेत. जागेच्या हिशेबात तेही धरा.

आणि सुट्या डिस्क. सर्व्हरबरोबरच त्याच क्षमतेच्या दोन जादा डिस्क घ्या आणि त्या कपाटात ठेवा. वॉरंटीची डिस्क यायला आठवडा लागतो, तेवढ्यात दुसरी जाऊ शकते. 'वापरात नसलेली वस्तू का खरेदी केली' असा आक्षेप येईल, तर प्रस्तावातच 'आपत्कालीन सुटे भाग' असं लिहा. मेलेल्या डिस्कचं काय करायचं, तेही आधीच ठरवा. कंपनी ती परत मागते, डेड स्टॉक रजिस्टर ती हजर मागतं आणि तिच्यावर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक असतात. थोडे जादा पैसे भरले तर अनेक कंपन्या खराब डिस्क ग्राहकाकडे राहू देतात. ते परवडत नसेल तर पहिल्या दिवसापासून डिस्क लक्स (LUKS) या सांकेतिकीकरणाने कुलूपबंद करा, मग ती गेली तरी चिंता नाही.

या पत्रातलं काय निविदेत घालायचं ते आपापल्या संस्थेप्रमाणे ठरेल. ३०० विद्यार्थ्यांच्या कॉलेजला झेडएफएसची गरज नसेलही. आमच्यापैकी कुणालाही बोलवा, अर्ध्या दिवसात दोन पानी तपशील लिहून देऊ, आणि तो कुठल्याही एका कंपनीच्या मापाने शिवलेला नसेल याचीही काळजी घेऊ. फक्त बोलवायचं ते दरपत्रकं येण्याआधी.

कळावे,

आपला,
एक लिनक्स सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर

ता. क. : यंदाची खरेदी होऊन गेली असेल तर निदान एवढं करा. डिस्क बिघडल्याची मेल सध्या कुणाच्या पत्त्यावर जाते ते विचारा, आणि तो माणूस अजून तुमच्याकडे नोकरीला आहे का तेही.